सरळ रेषेतले अंतर

आदिलाबादेतील जुन्या मराठी घरांची वाटणी साधारण ठरल्यासारखी असते. लेक नागपूर-वर्ध्याकडे दिलेली, मुलगा शिक्षणासाठी हैदराबादला गेलेला आणि नोकरी धरून तिथेच राहिलेला, आणि मधल्या घरात आईवडील. पैनगंगा ओलांडून येऊन तीन-चार पिढ्या उलटल्या तरी सोयरीक उत्तरेची आणि कचेरी दक्षिणेची, हा क्रम काही बदललेला नाही. त्यामुळे नागपूर आणि हैदराबाद या दोन शहरांतील अंतर आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. किलोमीटरांत नसले तरी तासांत असते. या अंतराविषयी चार ओळी लिहाव्यात, असे बरेच दिवस मनात होते. निमित्त एका मृत्यूचे आहे. परंतु त्याकडे मी सावकाश येईन.

आधी हिशेब. हैदराबाद सतराव्या अक्षांशाच्या थोडे वर, नागपूर एकविसाव्याच्या थोडे वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोन्ही शहरांच्या रेखांशांतील फरक अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, म्हणजे नगण्यच. गुणाकार केला की सरळ रेषेतले अंतर ४२० किलोमीटरांच्या आसपास येते. शमशाबादच्या विमानतळापासून धरले तर ४३०. जेट विमानाला हवेत यासाठी तासभर पुरतो. तिकिटावर सव्वा तास छापलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आणि वळसा घेऊन उतरणे हेही त्यात धरलेले असते. रस्त्याने हेच अंतर पाचशे किलोमीटर, आणि रेल्वेने, बल्लारशा-काझीपेठ असा पूर्वेचा वळसा घेऊन, पावणेसहाशेच्या घरात. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली; तिला सव्वासात तास लागतात. ती अर्थातच आदिलाबादेवरून जात नाही.

मी एकदा नातवाच्या शालेय नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा आखली. ती नेमकी उटनूरवरून जाते. आदिलाबाद शहर तिच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरांवर राहते. नागपूर ते आदिलाबाद सरळ रेषेत १७५, आदिलाबाद ते हैदराबाद सुमारे २५५. म्हणजे विमानाने आपल्या गावावरून जायचे ठरवले तर त्याला दहा किलोमीटरांचाही वळसा पडणार नाही. नातवाला या गोष्टीचा फार आनंद झाला. मला झाला नाही, कारण जो मार्ग आपल्या इतक्या जवळून जातो त्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही, हे त्याच पट्टीने दाखवून दिले होते.

याच रेषेखाली दरवर्षी पौष महिन्यात एक निराळा प्रवास चालू असतो. केसलापूरच्या नागोबाच्या पूजेसाठी मेसराम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी आणायला अनवाणी जातात आणि घागर घेऊन परततात. वाटेतल्या मुक्कामांची गावे ठरलेली असतात. अंतर किती, असे त्यांच्यापैकी एका वृद्धास मी एकदा विचारले होते. त्याने मुक्काम मोजून दाखवले. आपण ज्याला निर्जन पट्टा समजून गाडीची काच वर करतो, तो त्यांचा मुलूख आहे. आणि वाटा सोप्या झाल्यावर आपल्यासारखे बाहेरचे लोक तिथे जमिनी घेऊन बसले, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवलेले बरे.

सरळ रेषेत पृथ्वी मोजण्याचा उद्योग करणारा एक मोठा माणूस याच दोन शहरांच्या दरम्यान वारला. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणीस आरंभ केला. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र डोंगरावर, टेकडीवर, देवळाच्या शिखरावर चढवीत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत त्याने अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपासची ती मोजणी उत्तरेकडे आणली. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवीत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच आहे. माझ्या लेकीचे सासर हिंगणघाटचे, म्हणून मी ती पाहून आलो. वीस वर्षे ज्याने देशाची अंतरे फुटा-इंचांत बसवली, त्याला नागपूरचे उरलेले ऐंशी किलोमीटर काही जाता आले नाहीत. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद ३१८ मैल असे कोरलेले आहे. हे रस्त्याचे मैल, म्हणजे पाचशे बारा किलोमीटर. आजच्या रस्त्याशी ताडून पाहिले तर जुना आकडा फारसा खोटा नाही.

आमच्या लहानपणी विमान ही ऐकण्याची गोष्ट होती. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांवर बससेवा सुरू केली, आणि पुढे डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी निघाली तेव्हा तिच्यातही मोठा वाटा त्याच रेल्वेचा होता. एकाच खात्याच्या हाती रूळ, रस्ता आणि आकाश, असा तो काळ. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक याच कंपनीत होत्या. १९५३ मध्ये तिचे इतर कंपन्यांबरोबर राष्ट्रीयीकरण झाले. माझे वडील त्या सुमारास नागपुरात शिकत. त्यांच्या बोलण्यात डेक्कनपेक्षा रात्रीच्या टपालविमानांचा उल्लेख अधिक येई. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावी परतत. रफी अहमद किडवई त्या वेळी दळणवळण मंत्री होते. वडील मित्रांसह सायकलवरून ते दृश्य पाहायला गेले होते. मद्रासचे पत्र सकाळी दिल्लीच्या हाती पडे, याचे त्यांना अखेरपर्यंत अप्रूप वाटे. आदिलाबादचे पत्र मात्र नागपूरहून चार दिवसांनी येई. गावाला तेव्हा जुनी माणसे एदलाबादच म्हणत, आणि खानदेशातही एक एदलाबाद होते, म्हणजे आजचे मुक्ताईनगर. तेव्हा जिल्हा लिहायचा राहिला तर ते पत्र आधी तिकडचा पाहुणचार घेऊन येई.

मला जे सांगायचे आहे ते इथून पुढे आहे.

१९६४ साली माझी आजी गेली. सकाळी गेली. तारा दुपारी गेल्या, एक हिंगणघाटला आत्याला आणि एक हैदराबादला धाकट्या काकांना. त्या तारा पोहोचण्याच्या आत माती झालेली होती. आत्या दोन दिवसांनी पांढरकवड्याहून एस.टी.ने आली, राख सावडण्याला. काका तिसऱ्या रात्री निर्मळचा घाट उतरून आलेल्या बसमधून पहाटे दारात उभे राहिले. दोघेही आईच्या रिकाम्या खाटेपाशी बसून रडली. परंतु 'माझ्यासाठी थांबला का नाहीत?' असे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. तो प्रश्नच त्या काळी जन्मलेला नव्हता. 'मातीला गाठ पडली नाही, तेरवीला आलो,' हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहज बोलले जाई की त्यात कमीपणा नव्हता आणि तक्रारही नव्हती. दूर राहणाऱ्याला शेवटचे दर्शन मिळायचे नाही, हे दूर राहायला जातानाच ठरून गेलेले असे.

पुढे वाटा सुधारल्या. मुदखेडहून येणारी मीटरगेज ब्रॉडगेज झाली. सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि त्याला चव्वेचाळीस हा नवा क्रमांक मिळाला. नागपूर साडेतीन-चार तासांवर आले, हैदराबाद साडेपाच-सहावर. 'आंध्राची गाडी' रातोरात सिकंदराबादला पोहोचवू लागली. (राज्य बदलून दहा वर्षे होऊन गेली तरी आमच्या पिढीच्या तोंडी ती आंध्राचीच आहे.) एकच गोष्ट उलटी झाली. बेगमपेठचा विमानतळ आमच्या वाटेवरच होता. मेडचलवरून शहरात शिरले की थोड्या वेळात माणूस तिथे उतरे. मार्च २००८ मध्ये विमाने शमशाबादला गेली, शहराच्या दक्षिणेला. नकाशावर तेवीस-चोवीस किलोमीटरांचा फरक. उत्तरेकडून जाणाऱ्याला मात्र सगळे शहर ओलांडणे किंवा बाहेरच्या रिंगरोडने अर्धी प्रदक्षिणा घालणे आले. साऱ्या शहराचे कल्याण झाले त्यात आपले तासभर गेले, आणि याची नोंद कोणी घेण्याचे कारणही नव्हते.

माझा मुलगा हैदराबादेत असतो. एकदा आईची प्रकृती बिघडल्याचे कळताच त्याने फोनवरच हिशेब मांडला. विमानाने नागपूर, तिथून गाडीने आदिलाबाद. घर ते शमशाबाद दीड तास, तिथे दीड तास आधी हजर, सव्वा तासाचे उड्डाण, बाहेर पडायला अर्धा तास, पुढे पावणेचार तास रस्ता. साडेआठ तास. थेट गाडीने निघाला तर सहा. म्हणजे आईच्या डोक्यावरून पुढे उडत जायचे, आणि मग दोनशे किलोमीटर मागे यायचे. तो हसला, मीही हसलो. तो गाडीनेच आला.

२०१९ च्या ऑक्टोबरात माझे मोठे बंधू गेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. पहाटे चारला गेले. त्यांचा एकुलता मुलगा बंगळुरात. हिंगणघाटहून माझी लेक सकाळी नऊच्या आत येऊन बसलीही होती. पुतण्यापुढे दोन वाटा होत्या. नागपूरचे विमान सोयीचे, पुढचा रस्ताही कमी. पण त्या दिवशी जे मिळत होते ते संध्याकाळचे. हैदराबादला सकाळपासून विमाने होती, पण उतरल्यावर सहा तासांचा रस्ता. तो दहाच्या विमानाने हैदराबादला निघाला. विमानात बसण्यापूर्वी त्याचा फोन आला. 'काका, थांबाल ना?' एवढेच बोलला.

घरातल्या वडीलधाऱ्यांत आता मीच उरलो होतो. अंगणात माणसे जमली होती. आपल्याकडे सूर्यास्तानंतर अग्नी देत नाहीत. ऑक्टोबरात सहा वाजता दिवस मावळतो. मी कागद घेऊन बसलो. अकरा-सव्वाअकराला उतरेल, बाराला बाहेर पडेल, रिंगरोड, कामारेड्डी, आर्मूर, सोनचा गोदावरी पूल, निर्मळचा घाट, नेरडीकोंडा, इच्चोडा. कसाही जोडला तरी हिशेब साडेपाचच्या अलीकडे येईना, आणि बहुधा साडेसहाच्या पलीकडे जाई. भावकीतले एक गृहस्थ म्हणाले, 'पुतण्या तुम्हीच आहात असे समजा आणि अग्नी द्या. शास्त्रात भावाचा अधिकार आहे.' ते खरेही होते. दुसरे म्हणाले, 'विमान आहे म्हटल्यावर पोराला कसे टाळायचे?'

हे दुसरे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. विमान नसते तर भाऊंची माती बारा वाजता झाली असती, पुतण्या दुसऱ्या दिवशी आला असता, आणि कोणाच्याही मनाला टोचणी लागली नसती. विमान होते म्हणून आम्ही थांबलो. आणि विमान आमच्या गावापर्यंत येत नव्हते म्हणून रात्रभर थांबलो. पुतण्या संध्याकाळी पावणेसातला पोहोचला. शेजारच्या तेलुगू कुटुंबाने खटपट करून दुपारीच फ्रीजरची पेटी आणवली होती. तिच्या यंत्राची घरघर साऱ्या वाड्यात ऐकू येत होती. वहिनी त्या पेटीशेजारी सतरंजीवर बसून राहिल्या, पहाटे चारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. मध्यरात्री त्यांनी काचेवरचे दव पदराने पुसले आणि मला म्हणाल्या, 'भाऊजी, यांना थंडी कधी सोसली नाही हो.'

सकाळी साडेसातला पुतण्याने अग्नी दिला. मी थांबायचे ठरवले होते आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर तसेच ठरवीन. मुलाला बापाचे तोंड दिसले. पण त्याची किंमत वहिनींनी मोजली, सत्तावीस तास. आजीच्या वेळी आजोबांना अशी रात्र काढावी लागली नव्हती.

त्यानंतर मी आपल्या लोकांत जरा लक्ष ठेवून पाहिले. निधनाची वार्ता आली की आता पहिला प्रश्न 'मुलगा कुठे असतो?' हा असतो, आणि दुसरा 'विमान किती वाजताचे?' पुणे असेल तर संध्याकाळपर्यंत, दुबई असेल तर उद्या, अमेरिका असेल तर परवा. ज्यांच्या गावाला विमानतळ आहे त्यांची प्रतीक्षा विमानाबरोबर संपते. आपली तिथून पुढे रस्त्याने सुरू होते. दोन महानगरांमधील सव्वा तासाचा आकडा वाचून बंगळुरातला पोरगा मनात घर गाठतो. पण आमचे घर त्या सव्वा तासाच्या बरोबर मध्यावर आहे, आणि मध्यावर विमान उतरत नाही.

म्हणूनच एरोड्रोमचा विषय निघाला की चहाच्या टपरीवरसुद्धा आवाज चढतात. गावाबाहेरची ती सुमारे ३६९ एकरांची जागा निजामी राजवटीतली. आमच्या आयुष्यात तिने पहाटे फिरायला येणारी माणसे पाहिली आणि चरणारी गुरे. वायुदलाच्या ताब्यातील या जागेवर नागरी विमानसेवेलाही संमती मिळाल्याची बातमी एप्रिल २०२५ मध्ये आली, तेव्हा आमच्या फिरण्याच्या मंडळींत पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, पण मला शेजारचे नांदेड आठवत होते. तिथला तळ २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नव्याने सजला. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील देशभरातील पहिल्या विमानांत हैदराबाद-नांदेड हे विमान होते; तासाभराच्या उड्डाणाला काही आसनांपुरते अडीच हजार रुपयांचे भाडे बांधून दिलेले. आमच्यातले काहीजण केवळ बसून पाहण्यासाठी जाऊन आले. पुढे ती सेवा बंद पडली. सत्तर आसनांचे विमान रोज भरायला सत्तर माणसे रोज लागतात. लग्नसराई आणि मयत यांवर विमान कंपनी चालत नाही.

मला विमानतळ हवा आहे, हे स्पष्टच लिहितो. तरी धावपट्टी लांबवायची तर भोवतालची शेते लागणार, आणि कापसाच्या त्या काळ्या जमिनीत आपल्यापैकी काहींची घामाची वर्षे आहेत. एकदा जमीन गेली आणि मग विमान वर्षभरात थांबले, तर शेतही नाही आणि विमानही नाही, अशी गत होईल. आजाऱ्याला तातडीने नागपूर किंवा हैदराबादला हलवण्याची सोय आधी व्हावी, उतारूंचे वेळापत्रक मागाहून आले तरी चालेल, असे माझे मत मी आमच्या बैठकीत मांडले. त्यावर एका तरुणाने मला विचारले, 'काका, हेलिकॉप्टरचे भाडे कोण देणार?' प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याजवळ नव्हते.

पुतण्याने आईला बंगळुरास नेण्याचा दोन-तीनदा प्रयत्न केला. गेल्या दिवाळीत तो पुन्हा तिकीट काढूनच आला होता. वहिनींनी त्याला जेवायला वाढले, तिकीट हातात घेऊन नीट पाहिले, किंमत विचारली, आणि म्हणाल्या, 'विमानतळ इथेच होतो आहे म्हणतात ना? मग तूच येत जा.'